काळ्या चौकटीतला गोलकीपर

माझ्या हातून आजवर अकरा माणसं मेली आहेत. त्यातली नऊ आधीच मेलेली होती, ती धरायची नाहीत. उरलेल्या दोघांचं मात्र अजून आत वळवळत राहतं. टायपिंग करता करता मधेच मला उठावंसं वाटतं. मी उठतो, झेरॉक्स मशीनला दोन प्रदक्षिणा घालतो आणि आमचा अरबाब, म्हणजे मालक, काचेच्या केबिनमधून ओरडतो, "हबीबी, बस खाली! यल्ला!" मी बसतो. पाय टेबलाखाली हलतच राहतात.

दुबईशेजारच्या अजमानमधल्या एका टायपिंग सेंटरात मी अठरा वर्षं आहे. व्हिसाचे फॉर्म, भाडेकरार, लेबरची पत्रं, बायकोला बोलावून घ्यायचे अर्ज. लोक टोकन घेऊन बसतात, मी बडवत सुटतो. माझा स्पीड असा की उन्हाळ्यात कीबोर्डवर पाण्याचा शिडकावा मारावा लागतो. हे अरबाबला विचारू नका, तो सरकारी माणसांसारखा फक्त खरंच बोलतो.

मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेत पोरगं रांगायच्या आधी चेंडूला लाथ घालतं. तालमीच्या टीममध्ये मी लेफ्ट हाफ होतो. एकदा माझी किक बसली ती चेंडू ग्राउंडच्या भिंतीवरून गेला आणि थेट रंकाळ्यात पडला. तळ्यातल्या म्हशी तीन दिवस बाहेर यायला तयार नव्हत्या. असो.

तर एक सर्ब होता, सर्बियाचा माणूस. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा. मोठ्या इमारती गार ठेवणाऱ्या चिलरचा सुपरवायझर होता, आठवड्यातले चार दिवस दोन तासांवरच्या मुसाफाच्या साइटवर, उरलेले अजमानात. उंची साडेसहा फूट. बायकोला मी सात सांगितली. लिफ्टमध्ये मान तिरकी करून उभा राहायचा. मला हाक मारायचा "कोम्शिया", म्हणजे शेजारी. मी त्याला म्हणायचो "भावा". बाकी सगळं मोडक्या इंग्रजीत आणि साइटवरच्या हिंदीत. एकच गोष्ट आमच्यात जुळत नव्हती. तो खोटं बोलत नसे. म्हणजे अजिबातच नाही. "कसा आहेस?" असं विचारलं तर थांबून, विचार करून, गुडघ्यापासून सुरुवात करायचा.

एक दिवस तो टोकन घेऊन दुकानात आला. माझ्यासमोर बसला आणि टेबलावर एक फुगलेली फाइल ठेवली.

"व्हिसा?" मी विचारलं.

"नाही. क्लब."

त्याच्या गावचा फुटबॉल क्लब शंभरीला आला होता. गाव छोटं, क्लब त्याहून छोटा. गावातल्या साखर कारखान्याच्या कामगारांनी काढलेला. कमिटीनं पुस्तिका काढायची ठरवली होती, अर्धी त्यांच्या भाषेत, अर्धी इंग्रजीत. इंग्रजीचं काम याच्या गळ्यात, कारण हा दुबईला असतो. तो अजमानात असतो हे गावात कुणाला पटत नव्हतं. आमच्या पेठेतही मी दुबईलाच असतो.

"साखर कारखाना?" मी खुर्चीतून उठलोच. "भावा, आमच्याकडं ढिगानं आहेत! तुमच्याकडं ऊस होतो?"

"बीट."

"कोशिंबिरीतलं?"

"पांढरं असतं. मोठं." त्यानं दोन्ही हातांनी माप दाखवलं. बीटपासून साखर होते हे मला पटायला पंधरा मिनिटं लागली. तोवर मागची चार टोकनं उठून शेजारच्या सेंटरात गेली.

फाइल वाचली आणि मी त्या क्लबच्या प्रेमात पडलो. पहिले गोलपोस्ट बीट वाहणाऱ्या छोट्या रेल्वेच्या रुळांचे. पहिला चेंडू घोड्याचं खोगीर शिवणाऱ्यानं शिवलेला. मग युद्ध आलं, रूळ गेले, गोलपोस्ट गेले, क्लब राहिला. राजा गेला, क्लब राहिला. देशाचं नाव बदललं, झेंडा बदलला, परत देशाचं नाव बदललं. माणूस घरातून न हलता चार देशांत राहून आला. लीग मात्र तीच, खालून दुसरी. देशावर निर्बंध होते त्या काळात खेळाडूंना जिंकल्यावर साखरेची पिशवी मिळायची. हरल्यावरही मिळायची, जरा हलकी. पुढं कारखाना बंद पडला. तेव्हा जर्सी धुवायला कुणी उरलं नाही, म्हणून गावातल्या बायकांनी पाळी लावून घेतली. मैदानाचा एक कोपरा अजूनही खोलगट आहे. पाऊस झाला की कॉर्नर मारणारा घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहतो.

आता हे असं माझ्या हातात पडल्यावर मी काय करणार? आमच्याकडं मंडळाची स्मरणिका कशी असते हे मला पाठ आहे. शेकडो नव्हे, हजारो. प्रेक्षक नव्हे, जनसागर. मी लिहिलं की हिवाळ्यात मैदानावर लांडगे यायचे आणि हाफटाइमपर्यंत शिस्तीत बसून राहायचे. मी लिहिलं की खोगीरवाल्याचा चेंडू एवढा टणक होता की हेडर मारणाऱ्या तिघांना पुढं आयुष्यभर फक्त पूर्व दिशा समजायची.

शुक्रवारी दुपारी तो आमच्या घरी आला, लाल पेन घेऊन. बायकोनं कांदेपोहे ठेवले. तो खात होता आणि खोडत होता.

"लांडगे नाहीत."

"एकही?"

"एक कुत्रा होता."

"बरं, मोठा कुत्रा."

"लहान." त्यानं रेघ मारली. "आणि हे काय, दहा हजार प्रेक्षक? गाव चार हजारांचं."

"शेजारच्या गावचे आले असतील की."

"शेजारचं गाव आमचं दुश्मन आहे." दुश्मन हा शब्द त्यांच्याकडंही तोच, अर्थही तोच. त्या एका शब्दावर आम्ही दोघं पोटभर हसलो. हसून झाल्यावर त्यानं जनसागर खोडला.

बायको आतून म्हणाली, "भाऊजी, ह्यांच्या तोंडालाही एक रेघ मारून जा."

पोहे संपले. मग त्यानं एक फोटो काढून माझ्यापुढं ठेवला. ब्लॅक अँड व्हाइट, कडा कुरतडलेल्या. दोन ओळींत टीम. खाली टाइप केलेल्या नावांची पट्टी.

"मोज," तो म्हणाला.

मी चेहरे मोजले, अकरा. नावं मोजली, दहा. मधोमध टोपी घातलेला, हातात चेंडू घेतलेला एक उंच माणूस. त्याच्याखाली कोरी जागा.

"माझा बाप," तो म्हणाला.

ही टीम म्हणजे क्लबची आजवरची सगळ्यात मोठी टीम. वरच्या लीगमध्ये जायला एकच मॅच उरली होती, बरोबरी झाली तरी चाललं असतं. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना गोलकीपरनं, म्हणजे याच्या बापानं, गोल सोडला. मैदानाकडं पाठ केली आणि कारखान्याच्या भिंतीमागं पळत गेला. समोरच्यांनी रिकाम्या जाळीत चेंडू ढकलला. तो परत आला तेव्हा मॅच संपली होती. का गेला ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. टीमला नाही, बायकोला नाही, पोराला नाही. त्या टीमचा सेंटर फॉरवर्ड पुढं क्लबचा अध्यक्ष झाला आणि त्यानं प्रत्येक कागदावरून हे नाव काढून टाकलं. एकाच गल्लीत राहून दोघं साठ वर्षं बोलले नव्हते.

"बाप नव्वदीला आलाय," सर्ब म्हणाला. तो उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. एवढा मोठा माणूस आमच्या हॉलमध्ये येरझारा घालायला लागला की पंख्याची काळजी वाटायची. "हृदयाला झडप बसवलीय. पुस्तिकेत त्याचं नाव यायला पाहिजे, कोम्शिया. तो जिवंत असताना. मी अध्यक्षाला फोन केला. तो म्हणाला, कारणाची एक ओळ आण, नाव छापतो. बापाला फोन केला, तो म्हणाला, जेवलास का?"

"मग एक ओळ लिहू की आपण."

"खरी ओळ," तो म्हणाला आणि लाल पेन माझ्या नाकासमोर धरलं.

तो मुसाफाला गेला. कमिटीला मजकूर तीन दिवसांत पाहिजे होता. जाताना म्हणाला, नाव मधोमध घाल, कारणाच्या जागी टिंब टिंब ठेव, मी तोवर बापाच्या मागं लागतो. मजकुराची पानं त्यानं तपासली होती. फोटोचं पान तेवढं राहिलं होतं.

आता ते पान मी कसं केलं हे नीट सांगतो, कारण ह्यात माझी बदमाशी निम्मीच आहे. निम्मी सवय आहे. आमच्याकडं स्मरणिकेत रंगीत फोटो म्हणजे चालू कार्यकारिणी आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे कैलासवासी. तिथं कुणी चौकशी करत नाही. माझा हात आपोआप चालला. अकराही नावांपुढं मी इंग्रजीत 'लेट' लावलं. मग फोटो उघडा वाटायला लागला, म्हणून चारी बाजूंनी जाड काळी चौकट टाकली, आदरानं. आणि टिंब टिंब बघून मला बसवेना. रिकामी जागा माझ्याच्यानं बघवत नाही. मी लिहिलं की मॅचच्या ऐन शेवटी कारखान्यामागच्या कॅनॉलमध्ये एक लेकरू पडलं, त्याचा आवाज फक्त गोलकीपरला ऐकू गेला, त्यानं मॅच सोडली आणि जीव वाचवला. लिहिता लिहिता माझेच डोळे भरले. टोकन नंबर बेचाळीस म्हणाला, "भाईसाब, मेरा फॉर्म में कुछ प्रॉब्लेम है क्या?"

मी पान थेट कमिटीला पाठवून दिलं.

मग तीन दिवस काहीच नाही. मेल नाही, फोन नाही. मी झेरॉक्स मशीनभोवती एवढ्या चकरा मारल्या की फरशीवर गोल पट्टा उमटला. जेवताना उठायचो, बाल्कनीत जायचो, खाली त्याची गाडी लागली का बघायचो. बायको म्हणाली, "काय केलंय तुम्ही?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "म्हणजे केलंय."

चौथ्या दिवशी भर दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि तो आत आला. साइटवरून थेट, हेल्मेट काखेत, कपाळावर धुळीचा पट्टा. टोकन घेतलं नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू माझ्या बापाला मारलंस," तो म्हणाला.

दुकानात बारा-पंधरा माणसं होती. सगळ्यांनी आपापले कागद खाली घेतले.

झालं होतं असं. कमिटीनं चुका तपासायला म्हणून सगळी पानं मैदानाबाहेरच्या काचेच्या पेटीत लावली होती. त्या मुलखात माणूस गेला की काळ्या चौकटीतला फोटोचा कागद खांबांवर, झाडांवर चिकटवतात. गावानं लांबूनच चौकट पाहिली, मधोमध गोलकीपर पाहिला. शाळेतल्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंनी चष्मा लावून 'लेट' वाचलं आणि मान हलवली. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव सांत्वनाला निघालं. त्यांच्याकडं अशा घरी कॉफी आणि साखर घेऊन जातात. बापानं बनियनवर दार उघडलं. पहिल्या बाईच्या हातून साखर सांडली. दुसऱ्या बाईनं ती तुडवत येऊन त्याला मिठी मारली. रात्रीपर्यंत घरात बावीस किलो साखर जमली. कारखाना चालू असताना एवढी नव्हती, असं तो पुढं सांगायचा.

आणि शेवटी, काळा कोट घालून, अध्यक्ष आला. त्याची नजर अधू, पान त्यानं पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. दार उघडलं. साठ वर्षांनी दोघं समोरासमोर. बाप म्हणाला, "तूही मेला आहेस. आत ये."

तेव्हापासून दोघं तीन दिवस एकाच टेबलाशी बसलेले होते.

"आणि आता," सर्ब म्हणाला, "त्यांना तुझ्याशी बोलायचंय." त्यानं फोन माझ्या मॉनिटरला टेकवून ठेवला.

पडद्यावर दोन म्हातारे. एक लांबट, एक गोल. मागं साखरेच्या पुड्यांची भिंत. लांबट म्हातारा कॅमेऱ्याजवळ आला, त्याचा एकच डोळा दिसायला लागला. तो काहीतरी बोलला.

"विचारतोय, मला मारणारा एवढासाच?" सर्बनं भाषांतर केलं.

मी उभा राहून नमस्कार केला. सांगितलं की काका, माफ करा, आमच्याकडं फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला की माणूस गेलेला धरतात.

गोल म्हातारा म्हणाला, "आमच्याकडं हिवाळ्यात सगळं गावच ब्लॅक अँड व्हाइट असतं." मग त्यानं बोट उगारलं. "आणि कॅनॉल कुठला? कारखान्यामागं कॅनॉल नाही. तिथं संडास होते." तो बापाकडं वळला. "आता तरी सांग. तसाही मेलास."

बाप हळूहळू बोलायला लागला, टेबलाकडं बघत. दोन-तीन वाक्यं झाली. मी सर्बकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?"

तो काखेतलं हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिला.

रांगेतला एक पठाण ड्रायव्हर पुढं आला. "बोल दो यार, हम भी खड़े हैं."

सर्बनं सांगून टाकलं. मॅचच्या दिवशी अध्यक्षाची आई ड्रेसिंग रूममध्ये आली होती. आलुबुखार साखरेच्या पाण्यात उकळून घरी केलेलं कॉम्पोट, मोठी बरणी भरून. सगळ्यांना पेले दिले. ते आंबलेलं होतं. एक घोट घेताच सगळ्यांना कळलं. बाकीच्या दहा जणांनी ती वळली की बाकाखाली ओतून दिलं. गोलकीपर तिच्या समोरच बसला होता. ती त्याच्याकडंच बघत होती. त्याची स्वतःची आई कारखान्यात पाळीवर असायची. लहानपणी तो अध्यक्षाच्या आईच्याच ओट्यावर जेवून मोठा झालेला. त्यानं पेला संपवला. तिनं अजून एक भरला. तोही संपवला.

"पंच्याऐंशी मिनिटं रोखून धरलं," सर्ब म्हणाला, फोनकडं न बघता. "मग नाही जमलं."

पठाणानं डोळ्यांवर हात ठेवला. दुकानात कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच थांबलं, कारण पडद्यावर गोल म्हाताऱ्याचा चेहरा बदलला होता.

"माझ्या आईचं?" तो म्हणाला.

"तुझ्या आईचं," बाप म्हणाला. "काय सांगणार होतो गावाला? तिच्या कॉम्पोटनं मॅच गेली म्हणून? ती रोज चर्चला सगळ्या गावासमोरून जायची."

अध्यक्ष बराच वेळ एक साखरेची पुडी हातात घेऊन फिरवत राहिला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मीही ओतलं होतं. बाकाखाली."

"माहीत आहे," बाप म्हणाला. "माझ्या बुटावर आलं होतं."

मग अध्यक्ष एकदम कॅमेऱ्यावर आला. "ए इंडियन! कॅनॉल राहू दे! लेकरूही राहू दे! दोन लेकरं घाल!"

मी कीबोर्डवर हात ठेवलाच होता. एवढी मोठी परवानगी आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. पण सर्बनं माझी खुर्ची, माझ्यासकट, बाजूला ओढली.

"खोटं छापायचं नाही," तो म्हणाला.

"मग खरं छाप," बाप पडद्यातून गरजला, "आणि तिच्या थडग्यावर जाऊन वाचून दाखव!"

सर्ब वाकून माझ्या कीबोर्डवर उभा राहिला. दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. आधी त्यानं दोन नावांपुढचं 'लेट' काढलं. मग कॅनॉल खोडला, लेकरू खोडलं. पडद्यावर कर्सरची काडी लुकलुकत राहिली. तो येरझारा घालायला लागला. मीही उठलो. झेरॉक्स मशीनभोवती आम्ही दोघं एकामागून एक फिरत होतो आणि अरबाब केबिनमधून बाहेर येऊन बघत उभा राहिला. तिसऱ्या चकरेनंतर सर्ब थांबला, वाकला आणि एक-एक अक्षर शोधत लिहिलं: ज्या घरात तो जेवून मोठा झाला, त्या घरच्या आईचा मान राखताना त्याला गोल सोडावा लागला.

त्यानं ते आपल्या भाषेत मोठ्यानं वाचलं.

अध्यक्षानं नाक पुसलं आणि म्हणाला, "कॅनॉलपेक्षा बरं आहे." बाप म्हणाला, "जेवलास का?"

मी ते वाक्य चारदा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता आणि एक शब्द उघडा नव्हता. अठरा वर्षांत माझ्या बोटांतून असं वाक्य आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

शंभरीच्या समारंभाला सर्ब गावी जाऊन आला. पुस्तिका घेऊन आमच्या दारात उभा राहिला. छापखानेवाल्याला काळी चौकट आवडली होती, ती तशीच होती. आत अकरा चेहरे, अकरा नावं. बापानं बोट फिरवून नावं मोजली, असं सर्ब म्हणाला. मग परत मोजली. मग चष्मा पुसून परत. गावात आता त्या एका ओळीवर सात-आठ कहाण्या चालू आहेत. एकीत आग लागली होती, एकीत बैल सुटला होता. माझ्या लांडग्यांपेक्षा मोठ्या आहेत. खरं काय ते सहा जणांना माहीत आहे आणि त्या दिवशीच्या टोकनवाल्यांना. मी शपथ घेतली आहे नावं न घेण्याची. एकही घेतलेलं नाही, मोजून बघा. तसंही मी सांगितलेलं कोण खरं धरतो?

पुस्तिकेबरोबर त्यानं पिशवीतून एक बरणी काढली. गडद जांभळी, झाकणावर कापड बांधलेलं.

"अध्यक्षानं केलंय," तो म्हणाला. "आईच्या पद्धतीनं. खास तुझ्यासाठी."

बायकोनं पेला आणून दिला आणि आत निघून गेली. मी भरला. वास आला. मी बाल्कनीकडं पाहिलं, कुंडीकडं पाहिलं, सिंककडं पाहिलं. साडेसहा फुटांचा माणूस दारात मान तिरकी करून उभा होता. त्याची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

मी पेला संपवला. त्यानं अजून एक भरला.

दुसऱ्या दिवशी दुकानात मला पाच वेळा टोकन थांबवून मागं पळावं लागलं. अरबाबनं विचारलं, "हबीबी, आज काय झालंय तुला?"

मी काहीच सांगितलं नाही.